वाजून गेलेली एक रिंग

कांता, तुझ्या कॉम्प्युटरवर मी जुनी साडी टाकून ठेवली आहे. धूळ बसू नये म्हणून, असं दुकानात सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्या काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसतं आणि शेजारी तुझी रिकामी खुर्ची दिसते, ते सोसत नाही. काल एक बाई आली, पोरगा अमेरिकेत असलेली. "नेटफोन चालू हाय का वो?" म्हणाली. मी म्हटलं, बंद हाय. "कावून?" तिनं विचारलं. मी साडीचं टोक नीट करायला लागले. मग तुझे दादा गल्ल्यावरून म्हणाले, "चालवनारी गेली, माय." ती बाई तिथंच ओट्यावर बसली आणि तिनं डोळ्याला पदर लावला. तुझं तिचं नातं म्हणशील तर तिच्या पोराचा फोन तू लावून द्यायचीस, एवढंच.

तुला माती देऊन आलो त्याला पंधरवडाही झाला नाही. काविळीनं माणूस जातं हे ऐकून होते, पण असं बघता बघता जातं हे माहीत नव्हतं. तू माझ्याहून थोडी मोठी, म्हणून चार माणसांत मी तुला अक्का म्हणायची, अहोजाहो करायची. दार लोटलं की मग कांते आणि तू. तू मात्र दोन्हीकडे वैनीच म्हणायचीस. ननंद-भावजयीचं असं जमतं तरी कसं, असं गल्लीतल्या बाया विचारायच्या. अगं, कुठं जमत होतं? रोज भांडायचो आपण. आता घरात माझ्याशी तोंडाला तोंड देणारं कुणी उरलं नाही आणि माझी भांडणं पोटातच राहतात.

पुण्याची तुझी कंपनी बंद पडली आणि तू परत आलीस तो दिवस आठवतो का? तुझ्या आईला, आमच्या आत्याबाईंना, वाटलं होतं की पोरगी नोकरी करता करता कुणी बरा बघून ठेवील, लिंगायत असला म्हणजे झालं. तू एसटीच्या टपावरून दोन खोकी उतरवलीस. एकात पडदा, एकात यंत्र. आत्याबाई दारातच म्हणाल्या, "लोकाच्या पोरी जावई आनतेत, आमची डबा घेऊन आली." तू इतकी हसलीस की हातातलं खोकं खाली ठेवावं लागलं. आत्याबाईंच्या मात्र ते हसणं मनाला लागलं, आणि लग्नाचा विषय त्यांनी पुढं तुझ्याजवळ कमी आणि देवाजवळ जास्त काढला.

पुण्यात तुझं काम काय होतं हे मला तेव्हा धड समजलं नव्हतं. तू सांगायचीस, "वैनी, फोन लागायच्या आधी मशिनी एकमेकींशी बोलतेत. त्या किती वेळात बोलतेत ते मी मोजते." मी म्हणायची, बोलू दे की बिचाऱ्यांना, तू कशाला मधे कान लावतेस? अशी आपली भांडणं. तू इंजिनियर, मी बारावी. पण तू कधी मला शिकवायला बसली नाहीस. तू फक्त बोलायचीस, आणि भाकरी थापता थापता मी ऐकायची.

त्या वर्षी सरकारनं इंटरनेटवरून परदेशात फोन लावायला मोकळीक दिली. आपल्या किराण्याच्या दुकानात एसटीडीचा बूथ होताच, पण त्यावरून देशाबाहेर फोन लागत नसे. परदेशचा फोन म्हणजे बीड गाठायचं. तू दादांच्या मागं लागून तूरडाळीची पोती हलवायला लावलीस, कोपऱ्यात टेबल मांडलंस आणि 'नेटफोन' अशी पाटी स्वतः रंगवलीस. ती वाकडी झाली. दादा म्हणाले, पेंटरकडून करून घेऊ. तू म्हणालीस, लोकं पाटी बघायला येनार न्हाईत. पाटी अजून तशीच आहे, आणि ती उतरवायचं नाव दादा काढत नाहीत.

आणि तुझं पहिलं गिऱ्हाईक चाँदबी चाची. आपल्या सगळ्या वडवणीला बांगड्या भरणारी. बाजाराचा दिवस असला की इथं, नाहीतर दिंद्रुडला, नाहीतर आणखी कुठं, डोक्यावर पाटी आणि तोंडात पान. तिचा एकुलता एक रफीक मस्कतला ड्रायव्हर होता. कंपनीच्या एका खोलीत चार-पाच जण राहायचे आणि खोलीत फोन एकच. त्या पोरांनी आपापल्या घरच्यांशी मिळून एक कायदा केला होता. फोन एकदा वाजून थांबला तर ती रफीकच्या आईची रिंग. दोनदा वाजून थांबला तर केरळच्या एकाच्या बायकोची. आणि थांबलाच नाही, वाजतच राहिला, तर कुणाच्या तरी घरी मयत. मग जवळ असेल त्यानं उचलायचा. रिंग मिळाली की ज्याची त्यानं बाहेर जाऊन आपल्या गावी फोन लावायचा. रफीक आपल्या दुकानात लावायचा. चाचीनं रिंग दिल्याशिवाय त्यानं लावायचा नाही असं ठरलेलं, कारण चाची आज ह्या गावात तर उद्या त्या.

रिंग देऊन फोन तोडायचा, न उचलताच निरोप पोचवायचा, हे तेव्हा सगळेच करायचे. पण चाचीनं ते नमाजासारखं पाळलं. शुक्रवारी रफीकला सुट्टी. सकाळच्या गाडीनं बीडला जायचं, तिथल्या बूथवरून एक रिंग द्यायची, परत यायचं आणि संध्याकाळी आपल्या ओट्यावर त्याच्या फोनची वाट बघत बसायचं. तुझा नेटफोन आल्यावर तिचं बीड सुटलं. तू तिच्या कानाला हेडफोन लावलास, नंबर लावलास, तिच्या कानात रिंग वाजली, तिनं बोटानं खूण केली आणि तू तोडलंस. "दी!" म्हणाली चाची, जणू काही बंदूक उडवली.

त्या संध्याकाळी रफीकचा फोन आला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. चाची म्हणाली, ड्युटी असंल. मग म्हणाली, आजारी असंल. महिना उलटून गेला तसं ती काहीच म्हणेना. यायची, कानात रिंग ऐकायची, तोडायला सांगायची, आणि दुकान बंद होईपर्यंत ओट्यावर बसून जायची. दादा तिला चहा द्यायचे. ती कप हातात धरून रस्त्याकडे बघत राहायची आणि चहा तसाच निवायचा.

तिची सख्खी बहीण हलीमाबी दिंद्रुडला. तिची नसरीन रफीकला ठरलेली, मंगनी झालेली. बाजारात कुणीतरी पुडी सोडली की रफीकनं मस्कतला दुसरी केली. आता उलटा फोन येत नाही म्हटल्यावर लोकांना आणखी काय पुरावा लागतो? हलीमाबीनं निरोप धाडला की येत्या शुक्रवारी वडवणीला येते आणि मंगनीचं सगळं परत करते. पोरीला दुसरं स्थळ आलंय, आणखी किती थांबू? नसरीननं अन्न सोडलं होतं म्हणे. चाची आपल्या दुकानात येऊन म्हणाली, "कांतीबेटी, आता मी रिंग देनार न्हाई. मेरे कान ने रिंग सुनी. वाजली ती. पोरगा बदलला, फोनचा काय दोष?"

मला आठवतं, तू एकदम उठून उभी राहिलीस. "चाची, तुमी रिंग कुठं ऐकली?"

"कानात. और कहाँ?"

"तुमच्या कानात वाजली. त्याच्या खोलीत वाजली हे कुनी सांगलं?"

चाचीला ते कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. तू तिच्या जुन्या फोनांचे निरोप पडद्यावर काढलेस. तुझ्याकडे तो पुण्याचा प्रोग्राम होता, लाईनीवरून गेलेला-आलेला प्रत्येक निरोप वेळेसकट दाखवणारा, सेकंदाचे हजार तुकडे करून. आणि मग तू चाचीला जे सांगितलंस ते मी कितीदा तरी मनात घोळवलं आहे. तू म्हणालीस, "चाची, फोन म्हंजे लग्नाचं आवतन हाय बगा. आपल्या मशिनीनं आवतन धाडलं. मधल्या मशिनीनं घेतलं आन् म्हनली, थांबा, बघते. मग ती पुढच्या गावाला गेली, तितनं समुद्रापल्याड, तितनं रफीकच्या खोलीत. तितं घंटी वाजली की तिकडनं निरोप येतो, वाजतंय. त्यानं उचललं की दुसरा निरोप, उचललं. मग आपली मशीन म्हनते, बरं, कळलं. इतकं सगळं झाल्यावर मग मानूस हालो म्हनतो."

"मग मी ऐकली ती कोनाची रिंग?"

"ती ह्याच डब्यातली. मधली मशीन 'थांबा, बघते' म्हनली की लगेच हा डबा आपल्या कानात रिंग वाजवतो, गिऱ्हाइकानं कंटाळून फोन ठिवू नये म्हनून. बाकीची लोकं धरून बसतेत, त्यांना फरक पडत न्हाई. तुमी एक वाजली की तोडता. आवतन समुद्रापतुर पोचायच्या आत आपुन रद्द करून टाकलं, चाची. दर शुक्रवारी."

पडद्यावर खरंच तसं होतं. आवतन, थांबा, रद्द. पुढच्या शुक्रवारी आवतन, थांबा, रद्द. 'वाजतंय' कुठंच नव्हतं. चाचीनं पडद्यावरून बोट फिरवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती रांगा बघत होती. मग म्हणाली, "आता हलीमाला हे कोन सांगनार? ती म्हनंल, शेजारनीनं बहाना करून दिला."

कांता, इथं आपलं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, एवढं सोपं आहे, चाचीला शुक्रवारी सकाळी बीडच्या गाडीत बसवू, तिथून रिंग देईल, संध्याकाळी पोरगा फोन करील, संपलं. तू म्हणालीस, "त्यानं फोन सुरू व्हईल वैनी. मागच्या दोन म्हैन्यांचं काय? हलीमाबी म्हनंल, आत्ता धमकावलं म्हनून आला फोन. ह्याच खुर्चीत, ह्याच डब्यावरून, तिच्या म्होरं रिंग गेली पायजे. तवा पटंल की पोरगं तिकडं बसून हुतं आन् खोट इकडं हुती." मग धरून ठेव की लंबी रिंग, मी म्हटलं. त्यावर चाचीच ओरडली, "ना ना! लंबी मतलब मय्यत. पोरगं गाडी घेऊन रस्त्यावर पडंल, काळीज फुटून मरंल." आणि दोन गेल्या तर केरळची बाई. म्हणजे एकच रिंग, ती त्यांच्या खोलीत, इथून न दिसणाऱ्या खोलीत, मोजून एकच. मी म्हटलं, अगं बाई, तू काय देव आहेस? तू म्हणालीस, "मोजनारी हाय." मी चिडून आत निघून गेले. अजून मला वाटतं की बीडची गाडी हाच शहाणपणा होता. अजून मला वाटतं की तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. आता कुणाशी भांडून निकाल लावू?

त्या आठवड्यात तू धड जेवली नाहीस. आखाती देशांत फोन लावायला कुणी आलं की तू त्यांना खुर्चीत बसवायचीस आणि स्वतः उभी राहून पडदा बघायचीस. ते आपल्या माणसाशी बोलत असायचे, रडत असायचे, हसत असायचे. तुझं लक्ष त्याच्या आधीच्या त्या थोड्याशा वेळावर. आवतन कधी गेलं, 'वाजतंय' कधी आलं, फोन ठेवल्याचा निरोप गेला त्याची पोच कधी आली. एकदा मी चहा घेऊन आले तेव्हा तू मला खांद्याला धरून बसवलंस. "वैनी, बघ. 'वाजतंय' असा निरोप आपल्यापतुर येईस्तवर तिकडं घंटी वाजायला लागून गेलेली असती. निरोपाला यायला येळ लागतो ना. आन् आपुन तोड म्हनलं तरी ते तिकडं पोचायला तेवढाच येळ. तवर घंटी वाजतीच. म्हंजे 'वाजतंय' दिसलं की लगेच तोडायचं. जाऊन-येऊन जितका येळ, तितकीच रिंग. लाईन मोकळी असली तर बरुबर एक."

"आणि नसली तर?"

"तर दोन."

मी पडद्याकडे बघत होते. आकडे सरकत होते, नवे येत होते. मी जन्मभर फोन उचलून हॅलो म्हणत आले. त्या हॅलोच्या आधी एवढं काही घडतं, एवढ्या लांब, कुणी न बघता, आणि ते सगळं रीतीनं, विचारून, उत्तर घेऊन, पोच देऊन घडतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.  मी तुला म्हटलं नाही काही. चहा निवतोय एवढंच म्हटलं. तुझं काम मला समजलं तो दिवस तो, आणि ते मी तुला आज सांगते आहे.

शुक्रवारी हलीमाबी आली. गाठोडं मांडीवर घेऊन बसली, त्यात मंगनीची साडी आणि काय काय. नसरीनला तिनं आणलं नव्हतं. चाची तिच्या शेजारी बसली होती पण दोघी बहिणी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दादांनी गिऱ्हाइकं थोपवून धरली. लाईट होती, हीच मोठी गोष्ट. तू हेडफोन काढून स्पीकर लावलास, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून, आणि हलीमाबीला म्हणालीस, "खाला, तुमाला आता रिंग ऐकू येईल. ती खोटी हाय. मी सांगंन तवा खरी व्हईल. ती तुमाला ऐकू येनार न्हाई."

हलीमाबी म्हणाली, "जी ऐकू येती ती खोटी, न्हाई येती ती खरी. वा गं पोरी."

तू नंबर लावलास. आवतन गेलं. थांबा, आलं. लगेच स्पीकरमधून रिंग वाजली. चाचीचं बोट आपोआप वर गेलं, इतक्या वर्षांची सवय. "न्हाई चाची," तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालीस, "अजून आवतनच पोचलं न्हाई." दुसरी वाजली. चाचीनं माझा हात धरला आणि असा दाबला की तिची नखं रुतली. तिसरी वाजली. चाची पुटपुटायला लागली, "लंबी होती है, लंबी होती है, या अल्ला, पोरगं घाबरंल." हलीमाबीसुद्धा पुढं सरकली. आणखी एक वाजली. मला वाटलं आता तुला हाक मारावी, थांबवावी. आणि तेवढ्यात तुझा हात हलला आणि सगळं गप्प झालं.

"तोडलं?" हलीमाबीनं विचारलं. "मग खरी कवा वाजनार?"

तू खुर्चीत मागं टेकलीस. "वाजून गेली," म्हणालीस.

कांता, किती लोकांनी किती मोठमोठं बोललेलं मी ऐकलं आहे, कीर्तनात, सभांत. पण तुझ्या त्या दोन शब्दांनी जसं माझं काळीज हललं तसं कशानंच हललं नाही. समुद्रापलीकडे एका खोलीत, तुला न दिसलेल्या, न ऐकू आलेल्या खोलीत एक घंटी वाजली आणि थांबली, हे तू असं सांगितलंस की दूध उतू गेलं म्हणून सांगावं.  

मग वाट बघणं. हलीमाबीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. थोड्या वेळानं दुकानातला फोन वाजला आणि आम्ही सगळ्या उठलो; ती घाटनांदूरची मावशी होती, गोडेतेलाचा भाव विचारत होती. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. फोन ठेवला. चाची भिंतीकडे तोंड करून बसली. हलीमाबीनं गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली आणि ती उठायच्या बेतात आली. आणि फोन वाजला.

दादांनी न उचलता तो तसाच चाचीपुढं सरकवला. तिनं दोन्ही हातांनी धरला. पलीकडून रफीकचा आवाज इतका मोठा की आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "अम्मी! कां थी तुम? दो महिने से रिंग नहीं, मैं समझा मेरे से नाराज है! मैं मंगनी में नहीं आया करके!"

"तू कां मर गया था रे!" चाची ओरडली, आणि मग पुढं ती फक्त रडली. फोन कानाला आणि डोळे मिटलेले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "किती वाजली रे रिंग?"

"एकच. एक बजी और बंद. मैं बोला, मेरी माँ आयी."

हलीमाबीनं गाठोडं खाली ठेवलं. तिनं पुढं होऊन फोन घेतला आणि रफीकला जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी जावयासारखंच सुनावलं. मग सगळा गोंधळ, रडणं, हसणं, दादांनी फोडलेला साखरेचा पुडा. त्यात तू कुठं आहेस म्हणून मी बघितलं. तू मागं पोत्यांच्या आड जाऊन बसली होतीस आणि तोंडावर ओढणी धरून रडत होतीस. मी म्हटलं, आता काय झालं? तू म्हणालीस, "वैनी, लाईन मधीच जाम झाली असती तर? मला लई भ्या वाटलंतं गं. मी कुनाला बोलले न्हाई." मी तुला जवळ घेतलं नाही. आपल्याकडे ननंद-भावजयी अशा एकमेकींना जवळ घेत नाहीत. मी म्हटलं, "ऊठ, जेवून घे, शेंगदाण्याची चटणी केलीय तुझ्यासाठी." तू उठलीस आणि दोन भाकऱ्या खाल्ल्यास. आपलं प्रेम हे असं, चटणीभाकरीचं.

त्या वर्षीच नसरीन सून होऊन वडवणीला आली. पुढं चाचीची रिंग दर शुक्रवारी तूच द्यायचीस, 'वाजतंय' आलं की तोडून. चाची टेबलाशी उभी राहायची. हेडफोन लावून घ्यायचा तिनं सोडूनच दिला होता. "मुझे क्या सुनना है? तू हाय ना," म्हणायची.

तुझ्या आजारपणाचं लिहीत नाही. ते तुला माहीत आहे. शेवटचं मात्र तुला माहीत नसेल म्हणून लिहिते.

तुला आंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली, भिंतीला टेकवून बसवलं. गळ्यात बेलाची माळ घातली. बायका दाटीनं बसल्या होत्या. विधीला जंगम यायचे होते. तेवढ्यात चाँदबी चाची आली. बाजारातून तशीच, डोक्यावर पाटी घेऊन. बायकांनी वाट दिली. ती तुझ्यासमोर बसली, पाटीवरचं फडकं काढलं आणि हिरव्या काचेच्या बांगड्या वेगळ्या करायला लागली.

घाटनांदूरची मावशी म्हणाली, "अगं बाई, कुवारनीला हिरवा चुडा कावून? अन् मयताला? रीत न्हाई ही."

चाचीनं मान वर केली नाही. म्हणाली, "ह्या हातानं माझ्या घरात सून आली. हे हात मोकळे कसे जातील?"

 सगळ्या आत्याबाईंकडे बघायला लागल्या. जी माउली तुझ्या लग्नासाठी देवाला काय काय बोलली होती, जिनं तुझ्या डब्याला शिव्या दिल्या होत्या, ती तुझ्या शेजारी बसली होती. त्यांनी तुझा उजवा हात उचलला, स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "भर, चाँदबी."

कांता, ताठलेल्या हातात काच चढवणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. चाचीनं कोमट पाणी मागितलं. तुझा पंजा तिनं त्यात धरला, चोळला, अंगठ्याचा उंचवटा हळूहळू आत दाबला, तुझ्याशी काहीतरी बोलत राहिली, लेकीला बोलावं तसं. घाई नाही, जोर नाही. एक बांगडी गेली. मग दुसरी.  दोन्ही हात भरून झाले आणि एकही बांगडी फुटली नाही. आत्याबाई तुझ्या हातांकडे बघत राहिल्या आणि त्यांचं रडणं थांबलं.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा, ही आपली रीत. चाची हात पुसून बसून राहिली. तिला माहीत होतं की तू वाकणार नाहीस, तरी ती बसून राहिली. मग तुझ्या वतीनं मी वाकले, आणि चाचीनं मला तशीच पोटाशी धरली आणि वर उठूच दिलं नाही.